दोन दशांशांची फट

मी कारखान्यात मापं तपासते. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी माल परत पाठवते, म्हणून तिथे माझं नाव 'नकारघंटा' पडलंय. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला खुळ्यात काढणार नाही.

बाबांची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी उडायला जी फट ठेवतात, ती तिच्या पुस्तकात पॉइंट आठ मिलिमीटर दिली आहे. बाबा पॉइंट सहा ठेवत, तीही करवतीच्या तुटक्या पात्याने मोजून. "म्हातारीला लांब उडी मारायला लावू नये," म्हणत. गार प्लग बसवताना आटे खातो, अशीही त्यांची समजूत होती. प्रत्येक प्लग मुठीत धरून, ऊब देऊन मगच बसवत.

गेल्या वर्षी मी त्यांच्या हातातून प्लग काढून घेतला. "बाबा, तुमचं अंदाजपंचे काम आता पुरे," म्हणाले. त्यांनी फडक्याला हात पुसले. त्यानंतर गाडीला हात लावला नाही, आणि माझ्याशीही धड बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी ते गेले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

गेल्या आठवड्यात गाडी आचके देऊ लागली. दुकानदाराने महागडे प्लग पुढे केले. "ताई, हे टाका, वर्षानुवर्षं बघायला नको." मी पुस्तकातला नंबर जुळवून साधेच चार घेतले. फट मोजायच्या गेजचं पातं घालून एकेकाची फट पॉइंट आठ केली आणि बसवले. गाडी सुरळीत चालली.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणी करायची, ही माझी नोकरीतली खोड. सकाळी प्लग काढून मोजले. चारही पॉइंट सहा.

वापराने फट वाढते, कमी होत नाही. माझीच चूक म्हणून पुन्हा पॉइंट आठ केले, गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

तिसऱ्या सकाळी पुन्हा पॉइंट सहा.

आई पायरीवर चहा पीत होती. "गॅरेजमध्ये कुणी गेलं होतं का गं?"

"कोण जाणार? किल्ली तुझ्याच गळ्यात आहे." ती बशीकडे बघत राहिली. "तू पण ना. त्यांना दुसऱ्याने केलेलं काम पटत नाही, माहीत आहे ना तुला?"

'पटत नाही' म्हणाली. 'पटत नसे' नव्हे.

गॅरेजमध्ये जाऊन पोटभर रडले. मग ते प्लग होते तसेच, पॉइंट सहावर, परत बसवले.

"तुमचंच खरं, बाबा," रिकाम्या गॅरेजात मोठ्याने म्हणाले. "चुकलं माझं."

त्या दिवशी गाडी बाहेर काढलीच नाही.

काल सकाळी बॉनेट उघडलं. इंजिनाला हात लावला तर गारठलेलं. एकेक प्लग काढून मोजला.

पॉइंट आठ. चारही.

जन्मात कधी माघार न घेतलेला माणूस.

मी ते ओंजळीत घेतले. चारही प्लग कोमट होते.