आपण की आम्ही?

बी की डी, हे मी फोनवर नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दिल्लीला लागून असलेल्या वैशालीच्या मार्केटमध्ये माझं छोटंसं ऑफिस आहे. इकडे माझ्यासारखीला प्रॉपर्टी डीलर म्हणतात. पुण्यात आई मात्र अजून सगळ्यांना सांगते, की गिरिजा दिल्लीला मोठ्या कंपनीत आहे. कंपनी मी कधीच सोडली. दोन बायका किंवा दोन पुरुष मिळून घर बघायला निघाले, की इथले डीलर आधी विचारतात, ‘आप दोनों का रिश्ता क्या है?’ मी तेवढं विचारत नाही. मी विचारते, ऊन कुठल्या बाजूनं हवं आणि स्वयंपाकघर केवढं हवं. मी स्वतः त्यांच्यातलीच, त्यामुळे मला ते विचारावंसं वाटतही नाही.

चार वर्षांपूर्वीची ती मे महिन्यातली दुपार. बाहेर आंधी सुटलेली, डोळ्यांत धूळ, तोंडाला ओढणी गुंडाळलेली... अशा अवतारात मी बी-सातशेचारची बेल वाजवली, ‘नमस्ते जी’ म्हणत सरळ आत घुसले आणि टेप काढून हॉल मोजायला लागले.

“एक्सक्यूज मी... आप पर्देवाली हैं?”

मी वळले. दारात एक मुलगी उभी होती. केस ओले, हातात खरबुजाची फोड. रस मनगटावरून पार कोपरापर्यंत ओघळत होता आणि तिला त्याची काही फिकीर नव्हती.

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“हाय, मराठी!” ती एकदम खुलली. “बसा ना. खरबूज खाणार?”

तिचं नाव रुचिता. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सगळं बालपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. मी चुकून आले आहे, मला डी-सातशेचारला जायचं होतं, हे मी सांगितलं आणि माझं कार्ड दिलं. ते वाचताना तिचं हसू जरासं थांबलं.

“आपण पण हे घर विकणार आहोत,” ती हळूच म्हणाली.

“आपण?”

“हां, मी और सृष्टी. दोघींच्या नावावर आहे. ती टोरांटोला गेली... आता आपण साथ नाही.” मग जरा चिडून म्हणाली, “आधीच्या डीलरनं ॲडमध्ये लिहिलं, दो बहनों का फ्लॅट. मी त्याला हाकलून दिलं.”

“आम्ही म्हणा,” मी म्हणाले. समोरची आपलं दुःख सांगते आहे आणि मी व्याकरण काढते आहे! पण माझा स्वभावच तसा. “आपण म्हटलं की समोरचा माणूसही त्यात येतो.”

“हिंदी में तो दोनों ‘हम’ है, यार! म्हणजे आत्ता मी तुम्हाला पण घर विकायला लावलं?”

“आणि तुमच्याशी माझं ब्रेकअपही झालं.”

ती अशी हसली, की खरबुजाची फोड हातातून निसटली. डी-सातशेचारला मी अर्धा तास उशिरा पोचले.

मग दर शनिवारी मी तिच्याकडे गिऱ्हाईक घेऊन जाऊ लागले. गिऱ्हाईक निघून गेलं तरी मी जागची हलत नसे. कधी चहा, कधी भुट्टा, कधी नुसत्याच बाल्कनीत गप्पा. तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. एकदा लिफ्ट बंद होती. सात मजले चढून मी सोफ्यावर अंग टाकलं.

“माझं पानिपत झालं गं.”

“पानिपत?” तिनं निरागसपणे विचारलं. “चादरी आणायला गेली होतीस?”

अडीचशे वर्षं आम्ही जी जखम जपली, ती या मुलीच्या लेखी चादरींचं मार्केट होती! मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ती माझ्याकडे बघत राहिली... जरा जास्तच वेळ. मी नजर वळवली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी तिच्या प्रेमात पडले होते.

पंचाईत अशी, की घर विकलं की ती हैदराबादला जाणार होती. तिथली नोकरी ठरली होती, फक्त हा व्यवहार अडला होता. म्हणजे तिला इथून घालवायचं काम माझंच होतं. मी रोज मनात म्हणत असे, आज कुणाला घर पसंत पडू नये.

ऑक्टोबरात सुयश आणि अंशुमन आले. अकरा ठिकाणी नकार ऐकलेले, त्यामुळे घर बघतानाही एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालणारे. बाल्कनीत मात्र अंशुमननं सुयशचा हात धरला आणि मग सोडलाच नाही. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, “दीदी, घर हमें चाहिए. मालकिन से पूछ लीजिए ना.”

मी दोन दिवस तिला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःची लाज वाटली आणि सांगून टाकलं.

नोव्हेंबरात रजिस्ट्री झाली. सृष्टीच्या वतीनं तिचा भाऊ येऊन सही करून गेला. क्लार्कनं रुचिताला नवा पत्ता विचारला.

“अभी नहीं है,” ती म्हणाली.

बाहेर आम्ही शकरकंदी, म्हणजे रताळ्याची चाट घेतली. दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं.

“एक घर आहे माझ्याकडे,” मी म्हणाले. “भाड्याचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऊन फक्त सकाळचं. खालच्या मजल्यावर विजयालक्ष्मी आंटी राहतात, त्यांना सगळ्यांची चौकशी असते.”

“और?”

“आत एक बाई राहते. फार बोलते, लोकांचं मराठी सुधारते. आणि तिचं... तुझ्यावर खूप प्रेम आहे.”

रुचिताचा हात तसाच थांबला. “सहा महिने माझं घर विकवत होतीस आणि हे आज सांगतेस?”

“आधी सांगितलं असतं तर तू घर विकलं नसतंस... असं वाटलं मला.”

“बिल्कुल नसतं विकलं.” तिचे डोळे भरून आले. “कधी बघायचं आपण?”

“आपण,” मी म्हणाले. “या वेळी बरोबर आहे.”

“पता है. विचार करून बोलले.”

हात हातात घेऊन आम्ही माझ्या घराचा जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि माझ्या हातानं तिचा हात आपोआप सोडला.

“कौन है, गिरिजा?”

“क्लायंट है, आंटी.”

बोलले आणि जीभ चावली. जगाला बिनधास्त घर घ्या म्हणून सांगणारी मी!

रुचितानं सगळं घर हिंडून पाहिलं. खिडकी उघडून बघितली, ओट्यावरून हात फिरवला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “घर खूप आवडलं, गिरिजा. पण सृष्टी पण सगळ्यांना सांगायची, कझिन आहे. पाच वर्षं मी कझिन होते. आता क्लायंट नाही व्हायचं मला.”

दुसऱ्या दिवशी ती गेली.

पण फोन थांबले नाहीत. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. ती रागावली नव्हती, दुखावली होती. मी एकदाही ‘ये’ म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? दिवाळीचा फराळ, थंडी, होळी... सगळं फोनवरच झालं. जूनमध्ये मी पुण्याला गेले आणि आईला समोर बसवून सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “खाते काय ती? मसाला देते सोबत.” त्या रात्री मी हैदराबादला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाले, “ये.”

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी ती आली. दोन बॅगा, कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की अजूनही माघारी फिरेल. मी धावत खाली गेले. दुसऱ्या मजल्यावर आम्ही पोचलो आणि दार किलकिलं झालंच.

“कौन आया है, गिरिजा?”

रुचिता पायरीवरच थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, खाली बॅगेकडे बघत राहिली.

मी तिचा हात घट्ट धरला.

“घरवाली आयी है, आंटी,” मी मोठ्यानं म्हणाले. “मेरी.”