काळ्या घोंगड्याचा ढोल

त्या शुक्रवारचा विषय निघाला की चिंतामण केळकरांच्या कानाच्या पाळ्या अजून गरम होतात. बत्तीस वर्षं विम्याचे क्लेम तपासले, निवृत्तीनंतर सांगलीत उमा बर्वेच्या हाताखाली खासगी तपासाचं काम धरलं. आपण माणूस बरोबर ओळखतो हा गर्व मात्र जिथल्या तिथं होता. तो उतरला एका ढोलामुळं.

दुपारी चारला बिरदेव ऑफिसात आला. खांद्यावर रुळणारे केस, काळा शर्ट, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि रडवेला चेहरा.

"मॅडम, ढोल गेला. उद्या संध्याकाळी साताऱ्यात शो आहे."

दुसरा घ्यावा की, असं चिंतामणना वाटलं. पण उमानं बिरदेवला आधी सगळं सांगायला लावलं. 'काळं घोंगडं' हा त्यांचा हेवी मेटल बँड. सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दुसऱ्याच गाण्याला प्राचार्यांनी वीज बंद करवली होती. पुढं एका गणेश मंडळानं त्यांना अर्ध्यातून स्टेजवरून उतरवलं. मग जतच्या या पोरानं गिटारींच्या गडगडाटात बापाचा धनगरी ढोल घातला, आणि पुणे, बंगळूर, दिल्ली असं बोलावणं येत गेलं. उद्या जर्मनीतल्या एका महोत्सवाची माणसं खास तो ढोल ऐकायला साताऱ्यात येणार होती.

"वडलांची तेवढीच आठवण आहे," बिरदेव म्हणाला. "मेंढरांमागं फिरता फिरता गेले ते. तुम्ही कालची मुलाखत बघितली असेल."

चिंतामणनी ती गाडीत मोबाईलवर बघितली. ओल्या डोळ्यांनी बिरदेव सांगत होता, "आमच्या घरात ढोल वाजवणारा गेला की त्याचा ढोल त्याच्याच घोंगड्यात गुंडाळून वर्षभर देवापुढं ठेवतात. पण माझे वडील म्हणाले, माझा ठेवू नको, वाजव. त्यांचं घोंगडं आजही माझ्या ड्रम्सखाली अंथरलेलं असतं." चिंतामणनी चष्मा काढून पुसला.

बँडचा सराव पलूस रस्त्यावरच्या एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये चाले. पूर्वी तिथं बेदाणा ठेवत. भिंती हातभर जाड, त्यामुळं आतला आवाज बाहेर येत नसे. जागा गिटार वाजवणाऱ्या राजवर्धनच्या काकांची. दार फोडलेलं नव्हतं. किल्ली वीजमीटरच्या मागं खिळ्याला असायची आणि अजूनही तिथंच होती. दोन ते तीन सगळे जेवायला गेले होते, ढोल तेवढ्यात गेला.

महागाच्या गिटारी जागच्या जागी होत्या. ढोलाचा गादी लावलेला खोकाही कोपऱ्यात रिकामा पडला होता.

"घोंगडं कुठं आहे?" उमानं विचारलं.

तेव्हा कुठं सगळ्यांचं लक्ष गेलं. ड्रम्स नुसत्या फरशीवर उभे होते. एकेक ड्रम उचलून, खालचं घोंगडं काढून, ते कुणीतरी पुन्हा नीट मांडून ठेवले होते.

फरशीवरच्या धुळीत अनवाणी पावलं होती. बाहेर उंबऱ्याशी, नळाच्या ओलीत, नाल मारलेल्या जाड वहाणांचे दोन ठसे शेजारी शेजारी उमटले होते.

"आवाज होऊ नये म्हणून चोरानं वहाणा काढल्या," चिंतामण म्हणाले. ढोलाच्या जागी फरशीवर चिमूटभर पिवळी पूड होती. उमानं ती बोटावर घेऊन हुंगली आणि रुमालात बांधली.

"ती आमचीच असेल," गाणारी अबोली म्हणाली. "स्टेजवर आम्ही पिवळा रंग उधळतो. खरी हळद दिव्यांत दिसत नाही."

"मुलाखतीला तू होतीस?" उमानं विचारलं.

"हो. मराठीतली पहिलीच. आजवर सगळ्या इंग्रजीत झाल्या."

राजवर्धननं आडपडदा ठेवला नाही. "खरं सांगू? मला तो ढोल नकोसा झालाय. सहा वर्षं बोटं सोलून घेतली, आणि लोक विचारतात, ढोलवाला कोणता? पण उद्या ढोल नसेल तर जर्मनी माझंही बुडतं."

राहिला कृष्णात, बँडचा टेम्पो चालवणारा चाळिशीचा माणूस. किल्ली आणखी कुणाला ठाऊक होती, असं चिंतामणनी विचारल्यावर तो पायाच्या अंगठ्यानं धूळ उकरू लागला.

"न्हाई सांगता यायचं सायेब."

उमा बाहेर ठसे बघत होती. चिंतामणना वाटलं, हा आपला क्षण. "पिशवी उलटी कर," ते सगळ्यांदेखत म्हणाले. डबा पडला, टॉवेल पडला, आणि काळ्या लोकरीच्या दोऱ्याचा एक गुंडा घरंगळत बिरदेवच्या बुटाशी गेला.

"घोंगडं उसवलंस होय? आणि ढोल कुठं विकलास?"

"आवं, आजोबांनी दिलाय त्यो. पोरीच्या पायाला बांधायला, नजर लागती तिला."

"कुठले आजोबा?"

कृष्णातनं बिरदेवकडं बघितलं. बिरदेवनं दोऱ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. चिंतामणनी गुंडा पुरावा म्हणून खिशात टाकला. कृष्णात वाकून डबा गोळा करत होता, नजर वर करत नव्हता. गुन्हेगार अशीच नजर चुकवतो, असं चिंतामणना तेव्हा वाटलं होतं.

शनिवारी सकाळी उमानं सगळ्यांना पुन्हा तिथंच बोलावलं.

"चोराला ढोल विकायचा असता तर त्यानं तयार खोका घेतला असता," ती म्हणाली. "त्यानं कष्ट करून घोंगडं काढलं. म्हणजे त्याला ढोल घोंगड्यातच गुंडाळायचा होता. ड्रम्स परत मांडले, कारण नासधूस करायची नव्हती. केळकरकाका म्हणाले, आवाज होऊ नये म्हणून वहाणा काढल्या. या भिंतींतून तुमचं मेटल बाहेर जात नाही, तिथं वहाणांचं काय? माणूस वहाणा काढून जोडून ठेवतो तो देवाच्या वस्तूला हात लावायच्या आधी. आणि ही पूड रंग नाही, हळद आहे. भंडारा. ढोल उचलला त्या जागी ठेवलेला."

"म्हणजे बिरदेवच्या गावचं कुणीतरी," राजवर्धन म्हणाला.

"त्याच्या घरची रीत पाळणारं कुणीतरी. काका, तो दोरा काढा."

चिंतामणनी गुंडा पुढं धरला.

"घोंगडं उसवलं तर दोरा वाकडातिकडा निघतो. हा सरळ आहे, हातानं नुकता कातलेला. लोकरीचा ओशटपणासुद्धा गेला नाही. कृष्णात, ते आजोबा इथं तुझ्याबरोबर चहा घेतात, तू किल्ली कुठं अडकवतोस ते बघतात. खरं ना?"

"मला काय इचारू नका," कृष्णात म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"मग मी सांगते. आजवर ती गोष्ट इंग्रजीत फिरत होती. गुरुवारी ती पहिल्यांदा मराठीत आली आणि शुक्रवारी ढोल गेला. ज्याच्या मरणाची गोष्ट होती, त्यालाच ती कळली."

चिंतामणनी गुंडा नकळत परत खिशात घातला.

बिरदेव खाली फरशीवर बसला.

"बंगळूरला पहिल्यांदा विचारलं, वडील काय करतात. मेंढरं राखतात म्हणालो तर हसले. पुढच्या वेळी म्हणालो, वारले. सगळे गप्प झाले, मग टाळ्या वाजवल्या. मग तेच सांगत गेलो. ते इथं यायचे तेव्हा कृष्णातला म्हणायचो, आमचा जुना गडी आहे, कुणापुढं नाव काढू नको." त्यानं तळव्यांनी तोंड झाकलं. "काल दोरा बघितला आणि कळलं मला. तरी गप्प बसलो. कृष्णातवर आळ आला तरी गप्प बसलो."

बिरदेवनं सांगितलेल्या वाटेनं सगळे टेम्पोतून गेले. पलूसजवळच्या माळावर मेंढरांचा तळ पडला होता आणि शेजारी बिरोबाचं लहानसं देऊळ होतं. देवापुढं ढोल होता, काळ्या घोंगड्यात गुंडाळलेला. पायरीवर बिरदेवचे वडील दादासो टकळीवर लोकर कातत बसले होते. नाल मारलेल्या वहाणा खाली जोडून ठेवल्या होत्या.

"या, बसा," ते पाहुण्यांना म्हणाले. मग लेकाकडं बघून म्हणाले, "समद्या तळानं बगितलं मोबाईलवर. मीबी त्यांच्यात बसून बगितलं. लय चांगला बोललास."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ऐकणं जास्त अवघड झालं.

"रीत हाय म्हून ढोल हितं आणून ठिवला. पर एक अडतंय. कवा गेलो मी, तेवढं सांग. वरीस मोजाया लागंल."

बिरदेव बुटाच्या नाड्या सोडू लागला. त्या फार होत्या आणि बोटं चालत नव्हती. शेवटी अनवाणी पायरीशी जाऊन त्यानं बापाच्या पायांवर डोकं टेकलं.

"आबा, चुकलं."

"मला कशाला सांगतुयास? मी जिता हाय, मला ठावं हाय. ज्यास्नी मेला म्हून सांगितलंस, त्यास्नी सांग."

बिरदेवनं मोबाईल अबोलीच्या हातात दिला. "आधी मराठीत," तो म्हणाला, आणि तिथंच, बापाच्या शेजारी बसून बोलला. अडखळत, डोळे न पुसता, लोक हसले होते त्यासकट सगळं. तो बोलत होता तोवर ढोलाला कुणी हात लावला नाही. मग दादासो उठले, देवाला हात जोडले आणि घोंगड्याची गाठ सोडायला वाकले.

'त्यास्नी सांग' हे दादासोंचं वाक्य चिंतामणसाठी नव्हतं. तरी ते त्यांच्या अंगाला चिकटून बसलं. कृष्णातला नंतर एकट्यात गाठून बोलावं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. आता तेवढ्यानं भागणार नव्हतं. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"काल तुमच्यासमोर मी कृष्णातला चोर म्हणालो. त्याची पिशवी उलटी केली. तो प्रामाणिक होता, मी उर्मट होतो. कृष्णात, मला लाज वाटते."

"असू द्या सायेब," कृष्णात खाली बघत म्हणाला.

चिंतामणनी खिशात हात घातला तेव्हा त्यांना तो गुंडा लागला. त्यांनी तो त्याच्या हातावर ठेवला.

कृष्णातनं दोरा नीट गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. "काल दोऱ्याची वाट बगून झोपली पोरगी," तो म्हणाला, आणि ढोल ठेवायला टेम्पोचा मागचा फाळका उघडायला गेला.