रिएला रडू द्यायचं नव्हतं

मित्सुएचं लग्न ठरलं ते जपानच्या शोवा सनाचं त्रेपन्नावं, म्हणजे १९७८चं वर्ष, आणि त्याच वर्षी तिची वहिनी शिगेनो ‘लेकीला बिघडवणारी बाई’ ठरली.

“पाच वर्षांची घोडी झाली, तरी शेवया निववून भरवतेस?” सासू तोकु त्या दुपारी कडाडली. “जरा रडू दे की! रडून कुणी मेलंय?”

शिगेनोचा नवरा उत्तरेच्या समुद्रात बोटीवर, सांगणार कुणाला? शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लेकीच्या, रिएच्या, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या होत चालल्यात. जोरात फुंकर घातली, हुंदके दिले, की मेंदूला रक्त पुरत नाही. शस्त्रक्रिया लवकर हवी. पण वरपक्षाची बाई घरोघर चौकशी करत होती, या घराण्याच्या रक्तात काही आजार तर नाही ना! लग्नाला अठरा दिवस होते... तेवढे निभावले असते तर!

तोकुने वाफाळता वाडगा नातीपुढे आदळला. “फुंकर घाल आणि खा!”

“आई, नको!” शिगेनो धावली, पण रिएने गाल फुगवून फुंकलंही होतं. हातातल्या जेवणाच्या काड्या गळाल्या. “नाटकं!” म्हणत आजीने चापट मारली, पोर हमसाहमशी रडली, आणि बघता बघता तिचा उजवा हात लुळा पडला, वाचा बसली!

“हळू श्वास घे, राणी... हळू...” शिगेनोच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आई रडली की लेक रडते, हे त्या माउलीने केव्हाच ओळखलं होतं!

काही मिनिटांनी बोटं हलली. मग सगळं सांगावंच लागलं.

“माझ्या लग्नापायी हिचा जीव टांगणीला लावलास?” मित्सुए ओरडली. “वेडी आहेस का गं, वहिनी!”

तोकुने सुनेपुढे जमिनीला कपाळ टेकवलं. “सूनबाई, मी आंधळी...”

“उठा, आई. तिच्यासमोर रडू नका.”

तोकुने हुंदका गिळला, नातीला पाठीवर घेतलं आणि शहरातल्या डॉक्टरांकडे न्यायला स्टेशनची वाट धरली. वाटेत ती चौकशीवाली बाई दिसताच म्हातारी थबकली. “आमच्या नातीला मेंदूच्या शिरांचा आजार आहे. आणि आमची सून अशी आहे, की तिने तो एकटीने सोसला! दोन्ही सांगा तिकडे.”

स्थळ मोडलं. “बरं झालं,” मित्सुए म्हणाली, “कान फारच मोठे होते त्या नवरदेवाचे.”

शस्त्रक्रिया झाली, रिए वाचली. शेवटच्या दुखण्यात तोकु शिगेनोखेरीज कुणाच्या हातचं पाणी घेत नसे. शोवा सनाच्या साठाव्या वर्षी, म्हणजे सात वर्षांनी, अकरा फेब्रुवारीला, ती वारली.