शिवकांताच्या गोधडीचा कोपरा

"टांगा की. त्या रस्त्याला गोधड्या लई छान दिसतात," शेषेराव मामा म्हणाले. "पण कुणाच्या घरची कुठली मागायची, ते आधी ऐकून घ्या. दिवा जरा बारीक कर रे. डोळ्यावर येतोय."

आम्ही चौघं ओट्यावर बसलो होतो. गावापासून फाट्यापर्यंतच्या जुन्या रस्त्यावर गावच्या बायांच्या गोधड्या मांडायच्या, असं आमचं ठरलं होतं आणि मामांकडे जुने दोर मागायला आलो होतो. दोर त्यांनी काढून ठेवलेच होते. पण देईनात. पाय वर घेऊन बसले आणि सांगू लागले.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. दोन पावसाळे कोरडे गेले होते. बाया विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायच्या. पहिल्याच कोरड्या साली रोजगार हमीवर गावानं हा रस्ता केला होता. मधे एक घर नाही, एक देऊळ नाही, नुसता माळ आणि बाभळी. मुरूम काढला तो माळावरच्या खदानीतून. त्या खदानीची दरड एका दुपारी कोसळली. कोंडाबाईची पोरगी शिवकांता खाली गेली. लोक दिवस मावळेपर्यंत उकरत होते. आधी आतून आवाज येत होता. मग यायचा थांबला.

तर हा विरूपाक्ष. बसलिंगप्पाचा मुलगा, माझ्या बरोबरीचा. बडोद्याला चित्रकला शिकून परत आला होता. लांब केस, जाड भिंगांचा चष्मा. चष्मा काढला की समोर बैल आहे का म्हैस, ते त्याला कळायचं नाही. तिकडं चांगली नोकरी मिळत होती. नाही म्हणाला. म्हणायचा, शिकलो ते गावासाठी.

चैत्रात निरोप आला, नव्या जिल्ह्याचे साहेब पाझर तलाव बघायला आपल्या रस्त्यानं जाणार. गावाला टँकर हवा होता. निलंग्याला अर्ज देऊन देऊन लोक थकले होते. पारावर बैठक बसली, तेव्हा विरूपाक्ष उठला.

"अर्ज सगळेच देतात," तो म्हणाला. "साहेबांची गाडी आधी थांबली पाहिजे. आपल्या बायांच्या हातात एवढी कला आहे. सगळ्या गोधड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टांगू. मधून गाडी जाताना माणूस उतरल्याशिवाय राहणार नाही."

बसलिंगप्पा म्हणाला, "बडोद्याला जाऊन पोरगं धुणं वाळत घालायला शिकलं."

पार हसला. बायाही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्याच बाया ट्रंका उघडून बसल्या. विहिरी आटलेल्या, त्यामुळे शेंदायचे दोर रिकामेच होते. ते आम्ही बाभळी-बाभळींना बांधले. गोधड्या चढू लागल्या. लाल, निळी, चिटाची, खणाची ठिगळं. करड्या माळावर असा रंग त्या दोन वर्षांत कुणी पाहिला नव्हता. मी विरूपाक्षाला म्हणालो, "थांबतीय बघ गाडी."

सगळ्यात शेवटी कोंडाबाई आली. काखेत एकच गोधडी. हिरव्या इरकल लुगड्याची, तांबडा काठ.

"शिवकांताच्या लुगड्याची हाय," ती म्हणाली. "टांग. साहेबाला दिसू दे."

विरूपाक्षानं दोन्ही हातांनी घेतली. बघितलं तर एक कोपरा वीतभर उघडा. आतल्या चिंध्या दिसत होत्या.

"अव्वा, एवढा शिवायचा राहिला का?"

"राहिला न्हाई, ठेवलाय. गेलेल्या माणसाच्या लुगड्याची गोधडी चारी बाजूंनी बंद करायची नसती. त्याला जायाला वाट लागती."

"बरं अव्वा."

"बरं म्हणू नको. शिवणार न्हाई म्हण."

"शिवणार नाही."

कोंडाबाई गेली. संध्याकाळी वावटळ उठली. त्या कोपऱ्यातून चिंध्या बाहेर यायला लागल्या. विरूपाक्ष आत कोंबायचा, वारा पुन्हा काढायचा. बाकी गोधड्या कशा देखण्या, आणि हिची आतडी बाहेर आल्यासारखी. साहेबांनी पहिली हीच बघितली तर? त्यानं सदऱ्याला टोचलेली सुई काढली, पांढरा दोरा ओवला. मी म्हणालो, "अरे, तू शब्द दिलास."

"रातच्यापुरतं. सकाळी उसवतो."

चार टाके घातले त्यानं. नीटनेटके, जवळ जवळ. गाठ मारून दोरा दातानं तोडला.

चैत्र वद्य अष्टमी, बुधवारची रात्र. चंद्र मध्यरात्रीनंतर निघणार होता. गोधड्या राखायला तो एकटाच थांबला. माझी बायको दिवसात होती, म्हणून मी घरी आलो. पुढचं त्यानं मला सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून जायचा.

आधी वारा पडला. पानसुद्धा हलेना. तो कंदील घेऊन दोर बघत निघाला, गावाच्या अंगानं. दोन्ही बाजूंना गोधड्या, मधे रस्ता. चालला... चालला. शेवटची गोधडी संपली की गावचे दिवे दिसायला हवेत. दिसेनात. पुढं आणखी गोधड्या. एवढ्या तर टांगल्याच नव्हत्या.

त्यानं कंदील वर केला. डावीकडची गोधडी हिरवी होती. तांबडा काठ. उजवीकडची हिरवी. तांबडा काठ. तिच्या पुढची...

तो वळला. आलो तसं माघारी जाऊ. चार पावलं टाकली आणि तोंडाला कापड लागलं. रस्त्यावर आडवी गोधडी. पुन्हा वळला. तिकडंही आडवी. आता चारही बाजूंनी कापड.

बाजूला सारून निघू म्हणून त्यानं हात लावला. सरकेना. कापडासारखी हलकी नव्हती. मागं काहीतरी भरलेलं होतं. जड. थंड. मुरमाचा वास आला.

कंदील गेला.

आभाळात चांदण्या होत्या ना मघाशी? त्यानं वर पाहिलं. वरही काळं. हात वर केला तर कापडाला टेकला. मग डोक्याला टेकलं. मग खांद्याला. तो बसला. बसल्यावरही टेकलं. चष्मा नाकावरून कुठं सरकला, त्याला कळलं नाही. श्वास घेतला की कापड तोंडात जायचं.

आणि लांबून आवाज आला.

कुदळींचा. फावड्यांचा. माणसं उकरत होती. विरूपाक्षाला बरं वाटलं. त्याला वाटलं, गाव आलं. त्यानं हाक मारली. "मी हाय इथं..."

कुदळी थांबल्या.

वरून बाईचा आवाज आला. कोंडाबाईचा. आत्ताचा खचलेला नव्हे, दीड-दोन वर्षांपूर्वीचा, भरलेला.

"शिवकांता... आवाज दे ग... शिवकांता..."

तो ओरडला, "अव्वा, मी विरूपाक्ष." घशातून आवाज निघाला तो बाईचा.

पुन्हा कुदळी. जवळ आल्या. अगदी डोक्यावर. मग... लांब गेल्या. चुकीच्या जागी उकरत होते. हा इकडं ओरडतोय, ते तिकडं खणतायत. मग कुणीतरी म्हणालं, "दिवस मावळला."

कुदळी बंद झाल्या.

पावलं गेली. एक एक करून... गेली.

(मामा इथं थांबले. दिव्याकडं बघत राहिले.)

मग त्याला आपल्याशेजारी श्वास ऐकू आला. दुसरा. बारका. त्याच्याइतकाच अडकलेला.

तेव्हा त्याला कोपरा आठवला.

चाचपडत गेला. कापडाची कड धरून, बोटांनी. कोपरा. एक. बंद. पुढं. कोपरा. बंद. पुढं... बोटांना टाके लागले. नीटनेटके, जवळ जवळ. स्वतःच्या हातचे.

सुई नव्हती. त्यानं दात लावले. दोऱ्याला मुरमाची चव होती. एक टाका. दुसरा. श्वास संपत आला. तिसऱ्याला दात सरकले, ओठ फाटला. शेजारचा श्वास अगदी कानाशी आला... आणि मग यायचा थांबला.

चौथा.

अंगावरून काहीतरी गेलं. आधी ते गेलं. मग वारा आला.

मी पहाटे चहा घेऊन गेलो तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध बसला होता. ओठ फाटलेला, केसांत मुरूम. चंद्र माथ्यावर होता. गोधड्या आम्ही टांगल्या तशाच, ओळीनं, दोन्ही बाजूंना. कुठंही आडवी नाही. शिवकांताच्या गोधडीचा कोपरा उघडा होता, चिंध्या बाहेर लोंबत होत्या.

"चष्मा कुठाय?" मी विचारलं.

"इथंच पडला असंल."

सगळा रस्ता शोधला. बाभळींची बुडं बघितली. सापडला नाही. विरूपाक्षानं सगळं सांगितलं ते तेव्हाच, चहा पिता पिता. मी म्हणालो, "मी परत टाका घालू का? साहेब यायची वेळ झाली." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. एवढा गार हात मी जित्या माणसाचा धरलेला नाही.

गाडी आली. धूळ उडवत निम्म्या गोधड्या मागं टाकून गेली. वाटलं, गेली. आणि थांबली, बरोबर त्या हिरव्या गोधडीसमोर. साहेब उतरले. चांगल्या गोधड्यांकडं बघितलंही नाही.

"ही एकच फाटकी का टांगलीत?"

कोंडाबाई पुढं झाली. "फाटकी न्हाई साहेब. माझ्या लेकीची हाय. ह्याच रस्त्याचा मुरूम काढताना गेली." आणि तिनं हात करून खदान दाखवली. मग रिकामी विहीर दाखवली. साहेबांनी तिथंच कागद काढून गावाचं नाव लिहून घेतलं. चौथ्या दिवशी गावात टँकर आला.

पारावर लोकांनी विरूपाक्षाला खांद्यावर घेतलं. बसलिंगप्पा म्हणाला, "धुणं वाळलं म्हणायचं." विरूपाक्ष हसला नाही. त्याला माणसं नीट दिसतच नव्हती.

संध्याकाळी तो आणि मी गोधडी परत द्यायला गेलो. त्यानं कोंडाबाईला खरं सांगितलं. म्हातारी रागावली नाही. गोधडी मांडीवर घेतली, कोपरा बघितला. मग सवयीनं वरून हात फिरवू लागली. मधोमध आल्यावर हात थांबला.

"हे काय?"

मी चाचपलं. आत काहीतरी टणक. दोन गोल, मधे तार, दोन काड्या.

गोधडी तुम्ही बघितलीय ना? बोटाबोटावर धावदोरा असतो. मधे सुपारी सरकायची नाही. मी दिवा आणून दोन्ही अंगांनी टाके बघितले. कोंडाबाईच्या हातचे, जुने, धुऊन धुऊन विटलेले. एकही तुटलेला नाही.

"उसवू का?" कोंडाबाईनं विचारलं.

विरूपाक्ष म्हणाला, "नको. बघायला लागत असंल तिला."

पुढं कोंडाबाई वारली, तेव्हा ती गोधडी त्यालाच देऊन गेली. त्याच्या घरी आहे, हिरव्या ट्रंकेत. मागायला जाल तर देईल तो, कोणाला नाही म्हणत नाही. टांगायची तर टांगा, कोपऱ्याला हात लावू नका.

आणि मधोमध तळवा टेकवून बघा. काच लागेल. एवढ्या वर्षांनी, थंडीच्या दिवसांतसुद्धा, कोमट लागते... नुकताच कुणी डोळ्यावरून काढल्यासारखी.