एका आकड्याची चूक

"मला आत टाका," मुलगी म्हणाली. "मी माझ्या वडिलांना मारलं."

फौजदारबाईंनी मान वर केली. असं कबूल करणारा चौकीत आला तर तो बहुधा पिऊन तर्र असतो. ही पूर्ण शुद्धीत होती. वीस-बावीसची असेल. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जाडजूड पट्टी आणि तिच्यातून रक्त झिरपलेलं.

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. चष्म्याच्या काचा घासण्याचा कारखाना, वडील आणि काका असा दोघांचा. वडील परदेशातल्या इस्पितळात होते. पैसे जमा झाले की शस्त्रक्रिया, तोवर नाही. घर गहाण टाकून रक्कम उभी केली. कारखान्याची रीत अशी, की पैसे पाठवताना एकाने कागदावरून खातेक्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप करायचा. काकांनी वाचला, हिने टाइप केला. पैसे इस्पितळात पोचलेच नाहीत. वाट बघता बघता वडील गेले.

"मग पैसे गेले कुठे?"

"त्याच देशातल्या कुणा परक्याच्या खात्यात. काकांनी नंतर कागद ताडून पाहिला. कागदावर आठ होता, मी तीन टाकला. बाकी सगळं बरोबर."

"नाव इस्पितळाचंच होतं ना?"

"हो. मला वाटलं, नाव जुळलं नाही तर बँक थांबवेल."

असं सगळ्यांनाच वाटतं. पुष्कळ बँका नाव ताडतच नाहीत, नंबर दिसला की पैसे टाकून मोकळ्या होतात. बाईंना हे ठाऊक होतं.

"बोटाला काय झालं?"

"आज सकाळी काच घासायच्या चाकावर धरलं," मुलगी म्हणाली. " चूक त्यानंच केली होती."

घरात कुणी अडवलं नाही का, असं बाईंनी विचारलं. बोटाचं आईला अजून माहीत नाही, मुलगी म्हणाली. पैशांची चूक कळली तेव्हा काकांनी मात्र सगळ्यांसमोर तिला जवळ घेतलं होतं आणि म्हटलं होतं, पोरी, मी तुला माफ केलं.

"कागद तू पाहिला होतास?"

"टाइप करताना नाही, तो काकांच्या हातात होता. आठ दाखवला तेव्हा पाहिला."

"टाइप करताना आणखी काही घडलं?"

"पहिल्या वेळी माझा एक आकडा खरंच चुकला होता. संगणकाचा पडदा लाल झाला, नंबर घेईना. काका चिडले, पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग घेतला."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. मग त्यांनी बँकेत फोन लावला.

दुपारी कारखान्यात चाकं बंद होती. मुलगी, तिची आई, काका आणि बाईंनी सोबत आणलेला बँकेचा अधिकारी, एवढेच जण. काकांनी कागद आपणहून पुढे केला. लेकरूच आहे हो, तिच्यावर खटला नको, असं म्हणत त्यांनी डोळेही पुसले.

बाई त्याच संगणकासमोर बसल्या. "वाचा. कागदावर आहे तसंच, आठ धरून."

काकांनी वाचलं. पडदा लाल झाला.

"तुमचं काही चुकलं असेल," काका म्हणाले.

मग अधिकाऱ्याने टाइप केलं. पुन्हा लाल.

"चूक कागदात आहे," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं, एक आकडा चुकला की पैसे भलत्याच्या खात्यात जातात. त्या देशातल्या खातेक्रमांकांचं तसं नाही. सुरुवातीला देशाची दोन अक्षरं असतात. त्यांच्यापुढचे दोन आकडे बाकीच्या सगळ्या नंबरावरून हिशेबानं काढलेले असतात. एक आकडा हलला की हिशेब मोडतो आणि यंत्र नंबर घेत नाही. पोरीचा आकडा खरंच चुकला, तेव्हा पडदा लाल झालाच होता. म्हणजे जो नंबर गेला, तो तुम्ही वाचलात तसाच गेला. नंतर त्यातल्या तीनचा आठ करून तुम्ही हा कागद बनवलात."

"पण इस्पितळानं..."

"इस्पितळाला आम्ही फोन केला. त्यांचा नंबर पार वेगळा आहे. आता परदेशातलं ते खातं कुणाच्या नावावर आहे, हे तुम्ही सांगता की तिथल्या पोलिसांना विचारू?"

काका खुर्चीत मटकन बसले. "तो तसाही वाचणार नव्हता," ते पुटपुटले. "घर गेलं असतं, पैसा गेला असता. निदान त्या पैशात कारखाना तरी..."

"भावजी," आई म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते वाचतील. तुमच्यासमोरच म्हणाले होते." तिचा आवाज चढला नाही. काकांना तिच्याकडे बघता येईना.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की इथे संन्याशानं दोर आपल्याच हातानं गळ्यात घालून घेतला होता. बाईंनी काकांना उठवलं. दाराशी बाईंनी मागे वळून पाहिलं. ओढणीखाली लपवलेला हात बाहेर काढून मुलगी आपल्या पट्टीकडे बघत होती.

"म्हणजे या बोटानं काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही, बाळ."

"डॉक्टर म्हणाले, टोक परत येणार नाही."

आईला तेव्हा कुठे ती पट्टी दिसली. तिनं लेकीचा हात दोन्ही हातांत धरला आणि हे कसं झालं, असं विचारलं.