बाबांसाठी केलेली बैठक

ज्याला हे खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. मला कुणाला पटवायचं नाही. पण हे माझ्याच घरी, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि अजून संपलेलं नाही.

नाशिक. आडगावच्या बाजूला आमचं रो-हाऊस. गेल्या वर्षीचा मे महिना.

मी उज्वला. माझा नवरा शेखर ओझरला कारखान्यात नोकरीला. सासू-सासरे चांदवडला शेतावर असायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर सासऱ्यांना, म्हणजे खंडेरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. आम्ही त्यांना नाशकात आणलं. सासूबाई, साळूबाई, मागेच थांबल्या. कांदा काढून चाळीत भरायचा होता.

जन्मभर उघड्यावर वावरलेला माणूस आता बेडरूममध्ये पडून भिंतीकडे बघायचा. फिजिओथेरपीला येणारी पूजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, यांना बाहेर बसवा. नाहीतर हे मनानेच आधी जातील."

म्हणून मी मागचं अंगण करायला घेतलं.

तिथे मोडकी सायकल आणि प्लास्टिकची फुटकी टाकी पडलेली होती. सगळं काढलं. शहाबादी फरशी घातली. पायरी कुठेच ठेवली नाही, व्हीलचेअर सरळ जावी म्हणून. वर लाकडी मांडव, त्यावर मधुमालती. पश्चिमेला बांबूची चटई, उन्हाची तिरीप अडवायला. एक रुंद हातांची, उंच खुर्ची, जाड गादीची. कोपऱ्यात छोटं कारंजं. बांबूच्या नळीतून पाण्याची धार एका दगडावर पडत राहणार. त्या आवाजाने माणूस शांत होतो म्हणे.

दगड शेखरने आणला. गोदावरीला पाणी कमी होतं. घाटाच्या खालच्या अंगाला गोटे उघडे पडले होते. मुठीएवढा, काळा, गुळगुळीत. मला आवडला. मीच तो नळीखाली बसवला.

पहिल्या संध्याकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मला रडू आलं.

मग मी कारंजं सुरू केलं...

आणि चिमण्या गप्प झाल्या.

शेजारच्या आंब्यावर एवढा कलकलाट चालू होता. एकदम बंद. मग कुंपणाच्या भिंतीवर कावळे येऊन बसले. ओळीने.

एकही ओरडत नव्हता.

सगळे त्या दगडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा बाहेर जायला तयार होईनात. खुर्चीजवळ नेलं की डाव्या हाताने दाराची चौकट घट्ट धरायचे.

"नको... तो... उठ म्हणतो."

"कोण, बाबा?"

ते खुर्चीकडे बोट दाखवायचे. खुर्ची रिकामी असायची.

मी वैतागले. खरं सांगते, चांगलीच वैतागले. "एवढं तुमच्यासाठी केलंय आणि तुम्ही हे काय लावलंय?" म्हणाले आणि बसवलंच त्यांना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, आजारपणाचा हट्ट आहे.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी वीज गेली.

पंखा थांबला. फ्रिज थांबला. कारंज्याचा पंपही थांबला असणार. मी स्वयंपाकघरात होते, बाबा बाहेर.

पाण्याचा आवाज मात्र... चालूच होता.

मी कान दिला. तो पाणी पडण्याचा आवाज नव्हता. पिण्याचा होता. घटाघट... कुणीतरी खूप तहानलेलं असावं तसा.

मग धपकन आवाज झाला.

मी धावले. बाबा फरशीवर पालथे पडले होते. सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, ओल्या पंजाचा ठसा. नळी कोरडी. खुर्ची जागेवर सरळ उभी. आणि तिची गादी...

गादी दबलेली होती. मी बघत राहिले तरी वर आली नाही.

बाबांना कसंबसं ओढत आत नेलं आणि चांदवडला आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या आल्या. मागच्या दारातून अंगणात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबल्या. वीज आली होती. दगडावर धार पडत होती.

"बंद कर ते! आधी बंद कर!"

मी बटण दाबलं.

"जीवखडा हाय ह्यो," आई म्हणाल्या. "मसनातला."

मेलेल्या माणसाचा जीव ज्या दगडात बसवतात, तो. दहाव्यापर्यंत त्यावर पाणी घालतात. घरात मात्र कधी आणत नाहीत. पिंडाला कावळा शिवला की तो दगड नदीत सोडतात.

"धा दिवस पाणी देत्यात त्याला. तुमी म्हैना झाला देताय. परक्याला. ते बी घरात!" मग त्या शेखरकडे वळल्या. "कशात गुंडाळलेला व्हता का रं?"

शेखरने मान खाली घातली. "चिंधी होती. पांढरी. मला वाटलं, वाहत येऊन अडकली असेल. काढून टाकली."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. नाशकात राहतो हा माणूस! ज्या घाटावर अख्ख्या मुलखातून लोक दहाव्याला येतात, तिथून दगड उचलून आणतो, आणि कफनाची चिंधी ओळखता येत नाही?

"आत्ता नेऊन नदीत टाकतो," तो म्हणाला.

"नुसता टाकून भागत नाय. याला कावळा शिवला नसंल. दर्भाचा कावळा लावून उरकलं असंल त्यांनी. दगड जाईल, त्यो नाय जायचा."

आईंनी भात शिजवला. काळे तीळ घालून पिंड केला आणि पत्रावळीवर दगडासमोर ठेवला. भर दुपार. भिंतीवर कावळे. आम्ही हात जोडून उभे राहिलो.

आपल्या माणसाची इच्छा काय राहिली ते घरच्यांना माहीत असतं. मुलीचं लग्न करू, भांडण मिटवू, असं कबूल केलं की कावळा शिवतो. आम्हाला तर याचं नावही माहीत नव्हतं.

"तुझ्या लेकराबाळांचं भलं होईल," आई म्हणाल्या.

कावळे हलले नाहीत.

"तुझ्या नावानं अन्नदान करू."

नाही.

"माझं चुकलं. माफ कर," शेखर म्हणाला.

खुर्ची करकरली... त्यात कुणी नव्हतं.

मागे दारात बाबा व्हीलचेअरवर बसले होते. त्यांनी डावा हात उचलला. खुर्चीकडे केला. महिनोन्महिने जड असलेली जीभ सावकाश हलली.

"घे... माझी जागा... तू घे."

"अवो, नका!" आई किंचाळल्या.

कावळा खाली उतरला होता. त्याने पिंडात चोच घातली.

संध्याकाळच्या आत शेखर दगड नदीत सोडून आला. कारंजं मी स्वतः फोडलं.

त्यानंतर बाबा बरे व्हायला लागले.

हात हलला. जीभ सुटली. पाय टाकायला लागले. डॉक्टर म्हणाले, असं फार कमी बघायला मिळतं. आता ते स्वतः चालत जाऊन खुर्चीत बसतात. दिवस मावळेपर्यंत उठत नाहीत. नातेवाईक येतात, मांडवाखाली फोटो काढतात, माझं कौतुक करतात.

पण बाबा कांद्याचा भाव विचारत नाहीत. शेताचं नाव काढत नाहीत. आईंकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं बघतात. शेखर म्हणतो, झटक्यानंतर स्मृती जाते. मलाही तसंच वाटावं म्हणून मी खूप प्रयत्न केला.

मग एका सकाळी आई अंघोळ करून स्वयंपाकघरात आल्या. कपाळ मोकळं होतं. हातात बांगड्या नव्हत्या.

"आई... कुंकू लावायचं राहिलं?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खुर्चीत बाबा बसले होते. पायावर पाय टाकून, पेपर चाळत. दहा बोटं नीट हलत होती.

"कुणाच्या नावानं लावू?" आई म्हणाल्या.



तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"बाई, चहा आणा."

बाबा मला कधी बाई म्हणत नव्हते.

मी चहा घेऊन गेले. अजून रोज नेते.