दुसऱ्या शनिवारचे गाणे

बस चुकणे राजेश्वरीच्या स्वभावात बसणारे नव्हते. राजूरच्या बँकेत नेमणूक घेऊन ती जामखेडहून आली आणि अकोले गावात भाड्याची खोली करून राहिली, त्याला जेमतेम चार दिवस झाले होते. तेवढ्यात सव्वाआठची बस कोठे लागते, कोणत्या बाजूला ऊन येते आणि कोणत्या वाहकाकडे कधीच सुटे नसतात, हे सारे तिने मनाशी नोंदवून ठेवले होते. पाचव्या दिवशी ती आठ वाजून तेरा मिनिटांनी स्थानकावर पोहोचली, तर बस आठ दहालाच निघून गेलेली. चूक बसची होती, हे तिचे मत आजही कायम आहे.

स्थानकाबाहेर एक काळीपिवळी जीप उभी होती. मागे माणसे दाटीने बसलेली. पुढे चालकाशेजारची एक जागा तेवढी मोकळी. चालक खाली उतरून काचेवरचे दव पुसत होता. तिशीच्या अलीकडचा, अंगाने किरकोळ आणि काच पुसण्यात उगाचच रमलेला. त्याने तिच्याकडे पाहिले, तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिले आणि काही न विचारता पुढचे दार उघडून धरले.

“राजूरला किती वेळ लागेल?” तिने विचारले.

“अकरा गाणी, मॅडम. अकरावं संपलं की राजूर.”

हे उत्तर तिला उद्धट वाटले. तिने मुद्दाम गाणी मोजली. अकराव्या गाण्याचा शेवटचा सूर विरला आणि जीप राजूरच्या थांब्यावर उभी राहिली. संध्याकाळी परतायलाही तीच जीप मिळाली. दुसऱ्या दिवशी बस वेळेवर होती. तरीही राजेश्वरी जीपमध्ये बसली. एकदा आलेल्या उत्तराची पडताळणी व्हायला हवी, असे तिने स्वतःला सांगितले. ती पडताळणी पुढे अकरा महिने चालली.

चालकाचे नाव वाल्मिक. जीप त्याची स्वतःची होती, आणि तिच्याहूनही अधिक त्याची स्वतःची होती ती गाण्यांची यादी. अठरा गाणी: अकरा राजूरपर्यंत, उरलेली सात तिथून शेंडीपर्यंत. घाटात रेंज जाते म्हणून ती मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवलेली असत. थांब्यावर गाडी उभी राहिली की तो गाणेही थांबवी आणि गाडी हलली की तेथूनच पुढे सुरू करी. त्यामुळे त्याची गाणी घड्याळाला बांधलेली नव्हती, रस्त्याला बांधलेली होती. चढावर जीप कण्हते, तेव्हा तिला ठेक्याचा आधार हवा. उतारावर पायाला मोह होतो, तेव्हा गाणे संथ हवे, असा त्याचा सिद्धान्त होता. राजेश्वरीला कोणताही सिद्धान्त वादावाचून मान्य होत नसे. सातवे गाणे त्या वळणांना शोभत नाही, हे तिने त्याला तीन आठवडे निरनिराळ्या प्रकारे पटवून दिले. एका सकाळी सातव्या जागी दुसरेच गाणे वाजले. ते संपेपर्यंत ती गप्प राहिली आणि मग म्हणाली की पहिलेच बरे होते. दुसऱ्या दिवशी पहिले परत आले. तो आरशात पाहून मिशीतल्या मिशीत हसला.

संध्याकाळच्या परतीला यादी नसे. ॲप सुचवील ते गाणे, जेथे रेंज असेल तेथे. “सकाळी कामाचं, सांच्याला त्याच्या मनाचं,” असे तो म्हणे. बाकी सारे त्याला वाल्मिकदादा म्हणत. राजेश्वरीही पहिले दोन महिने तसेच म्हणत होती. मग तिने त्याला कोणत्याही नावाने हाक मारणे बंद केले. का, हे तिने स्वतःला विचारले नाही.

ही यादी केवळ कानांसाठी नव्हती, हे तिला बनुबाईंमुळे कळले. बनुबाई अकोल्यात लेकीकडे राहत. पण घाटापलीकडच्या आपल्या घराचे दार रोज एकदा उघडलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. दोन्ही डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच भेद कळे. नववे गाणे बासरीने सुरू होई. बासरी वाजली की त्या पिशवी आवळून धरत, आणि दुसरे कडवे संपता संपता त्यांचा पिंपळाचा फाटा येई. दिसत नसले तरी त्यांना बरेच काही कळे. राजेश्वरी पुढे बसलेली असली की मागून त्यांचा आवाज येई, “गाडी आज लई हळू चालली रं वाल्मिक. पुढं काय काचेचं सामान ठिवलंय का?”

ऑगस्टमध्ये त्या गाण्यांच्या ॲपची सूचना आली: एकतीस तारखेपासून सेवा बंद. प्रत्येकाला त्याच्या गाण्यांची एक फाईल मिळेल. ती दुसऱ्या ॲपला दिली की गाणी तिकडे जातील. वाल्मिकने ते काम एका दुपारी आपल्या आपण उरकले. अठरा होती, अठरा आली, हे मोजून तो समाधान पावला. आणि मोजण्याइतकेच पाहणेही आवश्यक असते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. फाईलने गाणी सांभाळली होती, क्रम सांभाळला नव्हता. अठराही गाणी नावांच्या अकारविल्हे रांगेत उभी होती. एक तर गायकाविना नुसते वाजत होते आणि एक कुठल्याशा बँडपथकाने वाजवलेले आले होते.

पहिल्या सप्टेंबरची सकाळ. पाऊस असा की काचेपलीकडे रस्ता केवळ अंदाजाने होता. इंदोरी मागे पडेपर्यंत वाल्मिकला घोटाळा कळला. पण वळणांवर मोबाईलला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. दुपारी पाहू, असे तो पुटपुटला. या वेळी सातवेच गाणे बासरीने सुरू झाले. घाटाच्या मध्यावर, त्याचे दुसरे कडवे संपता संपता, दोघे जण उतरले. गाडी हलली, घाट संपला आणि पिंपळाच्या फाट्यावर वाल्मिकने जीप थांबवली, तेव्हा कोणीच उतरले नाही. मागच्या बाकावर बनुबाई नव्हत्या.

परत फिरून घाटात पोहोचायला दहा मिनिटे लागली. बनुबाई कड्याच्या आडोशाला पिशवी डोक्यावर घेऊन शांतपणे उभ्या होत्या. त्यांच्यापुढे चार पावलांवर दरी होती. वाल्मिकने त्यांचा हात धरून त्यांना गाडीपर्यंत आणले.

“मी न्हाई चुकले रं,” बनुबाई म्हणाल्या. “तुझं गाणं चुकलं.”

त्या दिवसापासून जीप मुकी झाली. लोक कांद्याविषयी बोलत, पावसाविषयी बोलत आणि मग खिडकीकडे तोंड करून बसत. अकोले ते राजूर हा रस्ता पंचावन्न मिनिटांचा आहे, हे राजेश्वरीला अकरा महिन्यांत प्रथमच जाणवले.

त्याच आठवड्यात, बुधवारी, बँकेच्या मुख्य कार्यालयाचे पत्र आले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने जामखेडच्या बदलीसाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत संमती कळवायची. आईने फोनवर लगेच तिची खोली आवरायला काढली. घर, आई, ओळखीचा गाव, चालत जाण्याच्या अंतरावर शाखा… जाण्याची कारणे तिने मनात क्रमाने मांडली, ती सहा भरली. राहण्याचे एकही सांगता येण्याजोगे नव्हते. आणि जे सांगता येत नाही ते कारण नव्हे, असे ती आजवर मानत आली होती.

शनिवारी संध्याकाळी परतताना तिने त्याला विचारलेच, की क्रम पुन्हा का लावत नाही.

“पाठ न्हाई, मॅडम. रस्ता म्होरं आला की गाणं आठवतं, आधी सांगाया येत न्हाई.” त्याने गिअर बदलला. “आन् आता हिंमत बी न्हाई. म्हातारी कड्यापाशी उभी हुती…”

“मला पाठ आहे,” राजेश्वरी म्हणाली.

गाडी चालवताना रस्त्यावरची नजर न हलवणारा तो माणूस; त्याने तिच्याकडे पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले. मग तिने कोणते गाणे बदलून आले आहे ते तपासण्यासाठी मूळ फाईल मागितली. त्याने आढेवेढे घेतले. त्या फाईलीत दुसरंही कायकाय हाय, असे काहीसे म्हणाला. फाईलींत नेहमीच दुसरे काही असते, असे म्हणून तिने वाद मिटवला. अकोल्यात उतरताना फाईल तिच्या मोबाईलवर आली.

रविवारी सकाळी ती कागद घेऊन बसली. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत तिचा हात कुठेही अडला नाही. प्रत्येक गाण्यासमोर तिने वळण, पूल, झाड असा ठिकाणाचा उल्लेखही केला. नवव्यासमोर लिहिले: पिंपळाचा फाटा, बनुबाई. पुढच्या सात ओळी मात्र कोऱ्या राहिल्या. राजूरपुढे ती कधी गेलीच नव्हती.

फाईलीत खाली आणखी एक यादी होती. ‘आवडलेली गाणी’, एकूण एकशे सव्वीस. प्रत्येकासमोर ते आवडल्याची तारीख. बँकेत काम करणारा माणूस नावाआधी तारीख वाचतो. पहिली तारीख तिच्या ओळखीची निघाली: त्याच दिवशी सव्वाआठची बस तिला न घेता आठ दहालाच गेली होती. त्याआधी या माणसाला एकही गाणे आवडलेले नव्हते. एकशे सव्वीस गाण्यांत एकही रविवारी आवडलेले नव्हते. दुसऱ्या शनिवारी नाही, चौथ्या शनिवारी नाही. मे महिन्यात सलग आठ दिवस काहीच नाही. मावसबहिणीच्या लग्नाला ती तेव्हा जामखेडला गेली होती. जुलैतला एक बुधवार मोकळा होता, आणि त्या बुधवारी ती तापाने खोलीत पडून होती. घाईने निष्कर्ष काढायचा नाही, म्हणून तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले आणि सारे पुन्हा पडताळले. पुरावा परिस्थितिजन्य होता खरा. पण साक्षीदार एकशे सव्वीस होते, आणि एकाचीही जबानी फिरत नव्हती.

सोमवारी तिने पुढच्या जागेवर बसून कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला.

“राजूरच्या म्होरं कोरं हाय.”

“ती गाणी मी ऐकलेली नाहीत,” ती म्हणाली. मग समोरच्या काचेकडे पाहत, खात्याची चौकशी करावी तशा आवाजात तिने विचारले, “दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुम्हाला एकही गाणं आवडत नाही?”

मागे कोणाची तरी कुजबुज थांबली. वाल्मिकने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“शनवारी गाडी आसती, मॅडम. गाणी बी आसत्यात.” त्याने तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिले. “पर… सांच्याला गाणं लागलं की तुमचं बोट डब्यावर वाजतं. सगळ्याच गाण्याला न्हाई वाजत. वाजलं की म्होरच्या थांब्याला मी त्याच्यावर आवडल्याचा बदाम लावायचो. डबाच नसंल, तर मला कसं कळावं, कोंचं चांगलं?”

राजेश्वरीने डब्यावरचा हात उचलला आणि तो कोठे ठेवावा हे तिला कळेना.

“मला जामखेडला बदली मिळतेय,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

वाल्मिकने घडी केलेला कागद काचेपाशी ठेवला. मग त्याने विचारले, “तिकडं घाट हाय का?”

“नाही. सगळा सपाट रस्ता.”

“मंग तिथं कोंचं गाणं लावायचं, ते मला न्हाई सुचायचं.”

“आरं, तुमचं मिटंस्तवर बासरी तरी लाव,” मागून बनुबाई म्हणाल्या. “मला दार उघडायचंय घराचं.”

आणि जीपमध्ये आठवड्याने हसू फुटले. निघण्यापूर्वी वाल्मिकने तिच्या कागदावरून अकरा गाणी एकेक करून जागेवर बसवली. चुकीची आलेली दोन शोधून बदलली. बासरी घाट ओलांडल्यावर वाजली. दुसरे कडवे संपता संपता गाडी उभी राहिली, तरी उतरून त्याने बनुबाईंना हात दिला. आणि तो नेम त्याने पुढे मोडला नाही.

शुक्रवारी राजेश्वरीने मुख्य कार्यालयाला नकार कळवला. कारणाच्या रकान्यात तिने ‘वैयक्तिक’ असे लिहिले. एवढा अस्पष्ट शब्द तिने कोणत्याही कागदावर यापूर्वी लिहिला नव्हता. आई फोनवर रागावली. जीप चालवणाऱ्याविषयी तिला कधी आणि कसे सांगायचे, हा प्रश्न तसाच राहिला. तो एका आठवड्यात सुटणारा नव्हता, आणि तसा आव राजेश्वरीने आणलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. महिन्यातला दुसरा. बँक बंद. सव्वाआठला ती पुढच्या जागेवर बसली, हातात डबा होता. राजूर आले आणि ती उतरली नाही. तिथून पुढे प्रत्येक वळण समोर आले की वाल्मिक गाण्याचे नाव सांगे आणि ती मोबाईलवर ते लावून कोरी ओळ भरी. रंध्याच्या धबधब्याजवळ तिने एका नावाला हरकत घेतली. तो या वेळी बधला नाही, आणि गाणे ऐकल्यावर तिने ते मुकाट्याने लिहून घेतले. अठरावी ओळ शेंडीच्या अलीकडे भरली. उतारू उतरून गेले. समोर धरणाचे पाणी पावसाच्या सरीखाली करडे झाले होते. यादी संपल्यामुळे ॲपने आपल्या मनाने एक गाणे लावले, दोघांनीही कधी न ऐकलेले.

थोड्या वेळाने डब्याच्या झाकणावर बोट वाजू लागले. राजेश्वरीच्या ते ध्यानात आले. तिने थांबवले नाही. दुसऱ्या हाताने तिने त्याचा मोबाईल उचलला आणि गाण्यासमोरचा बदाम स्वतः दाबला. तारीख ॲपने आपोआप घातली.

“मॅडम—” वाल्मिक म्हणाला.

“आज बँक बंद आहे,” ती म्हणाली. “आज मी राजेश्वरी.”

त्याने ते नाव एकदा, अगदी हलक्या आवाजात, म्हणून पाहिले. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली. गाडी थांब्यावर उभी होती. गाणे मात्र त्याने थांबवले नाही.